मागेल त्या प्लंबरला नकाशा

माझ्या वहिनीबद्दल पाणीखात्यात दोन गोष्टी सांगतात. एक, ती एका कॉम्प्युटर कंपनीशी भांडली कारण तिला खुर्ची सोडायची नव्हती. दोन, ती भांडली कारण तिला नवीन काही शिकायचं नव्हतं. दोन्ही साफ खोट्या. आणि हे मी तिची नणंद म्हणून सांगते आहे. नणंद भावजयीची बाजू घेऊन बोलायला लागली, यावरूनच समजा प्रकरण कोणत्या थराला गेलं होतं.

आम्ही दोघी एकाच खात्यात. मी तळमजल्यावर, तक्रारींच्या फोनवर. "नळ फुटला", "पाणी गढूळ येतंय", "पाणीच नाही" हे ऐकत माझी बावीस वर्षं गेली. ती तिसऱ्या मजल्यावर, नकाशाच्या खोलीत. घरी ती माझ्या दादाची बायको, ऑफिसात सगळ्यांची नकाशाबाई. मला एरवी ‘अगं’ म्हणते. ‘वन्सं’ म्हणाली की समजायचं, आता काहीतरी लागट येणार.

तिची खोली म्हणजे लांब उतरती टेबलं, त्यांवर जुन्या शाईचे डाग, भिंतीला पत्र्याची कपाटं, आणि कोपऱ्यात दोन कॉम्प्युटर. त्यातला एक लेखा विभागाने टाकून दिलेला होता, तो तिने स्वतः उचलून वर आणला. ती नोकरीला लागली तेव्हा कॉम्प्युटर नव्हतेच. पारदर्शक कापडावर पेनाने नळांच्या रेघा ओढायचं काम होतं. तिचा हात असा स्थिर की साहेब लोक तिच्या टेबलापाशी उभे राहून नुसते बघत बसायचे. तिला ते मुळीच आवडायचं नाही. "तमाशा आहे का?" असं एकदा तोंडावर विचारलं होतं तिने.

आता थोडं कामाबद्दल सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. रस्त्याखाली नळ फुटला की तो दुरुस्त करायच्या आधी बंद करावा लागतो, आणि बंद करायला व्हॉल्व्ह सापडावा लागतो. आमच्या शहरात असे अकरा हजारांवर व्हॉल्व्ह आहेत. सगळे जमिनीखाली, लोखंडी झाकणांखाली, आणि त्यातली निम्मी झाकणं डांबराखाली. ते कुठे आहेत हे चावीवाल्यांना माहीत असतं. चावीवाले म्हणजे माणसाएवढी लोखंडी चावी घेऊन सायकलीवर फिरणारे आणि व्हॉल्व्ह फिरवणारे लोक. प्रत्येकाची एक डायरी असते. तीत लिहिलेलं असतं: शाळेच्या फाटकापासून चार मीटर वीस, विजेच्या खांबापासून सहा मीटर दहा, दुकानाच्या कोपऱ्यापासून तीन ऐंशी. तीन टेप जिथे भेटतील तिथे खणा, व्हॉल्व्ह सापडेल. दुकान पाडलं की एक माप गेलं. खांब हलवला की दुसरं गेलं. चावीवाला निवृत्त झाला की डायरी त्याच्याबरोबर घरी गेली, आणि मग आम्ही अख्खा रस्ता खणायचा.

पंधरा वर्षांपूर्वी खात्याने यावर उपाय म्हणून एका कंपनीचा प्रोग्रॅम घेतला. वहिनीने चार वर्षं बसून तीन हजार व्हॉल्व्ह त्यात भरले. मग ती कंपनी बंद पडली. एका सोमवारी वहिनीने प्रोग्रॅम उघडला तर परवाना संपल्याची पाटी. फाइल होती, पण ती त्या प्रोग्रॅमशिवाय जगातल्या कुठल्याही प्रोग्रॅमला वाचता येत नव्हती. चार वर्षांचं काम डोळ्यांसमोर होतं आणि हाताला लागत नव्हतं. त्या दिवशी ती जेवणाच्या सुट्टीत माझ्याकडे खाली आली, माझ्या खुर्चीवर बसली आणि रडली. मी तिला तेवढी एकदाच ऑफिसात रडताना पाहिली.

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. वहिनीने नुसतं फुंकलं नाही, दूध कुठून येतं ते शोधायला निघाली. प्रत्येक प्रोग्रॅमबद्दल तिचा एकच प्रश्न असे: "हा बनवणारा उद्या मेला तर?" ती विचारायची, आणि विकणाऱ्यांचे चेहरे उतरायचे. शेवटी तिला ओपन सोर्स म्हणतात ती जात सापडली. म्हणजे असे प्रोग्रॅम, की ज्यांच्या आत काय लिहिलंय ते कुणालाही वाचता येतं, दुरुस्त करता येतं आणि ज्यांचा कुणी एक मालक नसतो. नकाशा काढायला एक घेतला. दुसरा माहिती साठवायला, ज्याला विचारता येतं की या जागेपासून दोनशे मीटरच्या आत, याच नळावर, कोणते व्हॉल्व्ह आहेत. अडलं की ती इंटरनेटवर मोडक्या इंग्रजीत प्रश्न टाकायची आणि कुठल्या कुठल्या देशातले लोक उत्तरं द्यायचे. त्यातल्या एकाने तर तिची चूक शोधायला तीन दिवस घालवले. "आडनाव माहीत नाही, तोंड पाहिलेलं नाही," ती मला सांगायची, "आणि आमचे साहेब सही करायला तीन आठवडे लावतात."

नोंदी कशा ठेवायच्या यावर मात्र ती सगळ्यात जास्त अडून बसली. जगभर मान्य झालेली, नियम छापून सगळ्यांसमोर ठेवलेली पद्धत तिने निवडली. साधी मजकुराची फाइल. एका व्हॉल्व्हची एक ओळ: कुठे आहे, कोणत्या नळावर, किती व्यासाचा, कुठल्या बाजूला फिरवला की बंद होतो. कुठल्याही कॉम्प्युटरवर उघडा, डोळ्यांनी वाचता येते. मी म्हटलं, "एवढी सुंदर नाही दिसत गं." ती म्हणाली, "वन्सं, हा व्हॉल्व्ह आहे. त्याला बघायला नवरा मुलगा येणार नाहीये."

पुढची अकरा वर्षं ती चालली. खरोखर, पायांनी. आठवड्यातले दोन दिवस ती हातात अक्षांश-रेखांश टिपणारं मोजणीयंत्र घेऊन चावीवाल्यांबरोबर गल्लोगल्ली जायची. त्यांच्यातला सगळ्यात जुना, ज्याला सगळे टेपमास्तर म्हणतात, तो आधी तिच्यावर उखडला होता. "बाई, आमची डायरी काढून घेता आणि मग आम्हाला काढून टाकता," असं म्हणाला. वहिनीने त्याला बसवून त्याची डायरी त्याच्याच मोबाइलवर नकाशासकट दाखवली. "ही तुमचीच आहे. मी फक्त हिची झेरॉक्स काढतेय," म्हणाली. त्यानंतर तो तिचा झाला. मापात चूक दिसली की तिसऱ्या मजल्यापर्यंत जिने चढून यायचा, सांगायला.

असं सगळं मार्गी लागलं असताना आमच्या मोठ्या साहेबांना निवृत्तीच्या आधी काहीतरी करून दाखवायचं सुचलं. साहेब वाईट नाहीत. त्यांना फक्त फीत कापायला आवडतं, आणि मजकुराच्या फाइलला फीत बांधता येत नाही. त्यांनी एक कंपनी आणली. कंपनीबरोबर एक टायवाला आला, गोड बोलणारा, प्रत्येक वाक्यात ‘मॅडम’ म्हणणारा. त्यांची एक मोठी सिस्टिम होती. भिंतीएवढा पडदा, रंगीत नकाशा, पत्ता टाकला की निळा ठिपका उड्या मारायचा.

"मॅडम, आमच्यात सगळं आपोआप होतं," तो वहिनीला म्हणाला.

"आपोआप होतं म्हणजे कोण करतं?"

"म्हणजे सिस्टिम करते."

"आणि सिस्टिम चुकली तर?"

"ती चुकत नाही, मॅडम."

वहिनी माझ्याकडे वळून म्हणाली, "ऐकलंस? हा पहिला, न चुकणारा." टायवाला हसला. त्याला ती चेष्टा वाटली.

खरी गोम कागदात होती. कंपनीला नोंदी हस्तांतरित करायच्या, त्या पुढे फक्त कंपनीच्या सिस्टिममध्ये, कंपनीच्या पद्धतीने राहणार, आणि खात्याने त्या दुसऱ्या कुणालाही द्यायच्या नाहीत. नोंदींची जबाबदार व्यक्ती म्हणून त्याखाली वहिनीची सही हवी होती. तिने कागद वाचला, पुन्हा वाचला, आणि विचारलं, "यातून माहिती बाहेर कशी येते?" टायवाला म्हणाला, छापून घेता येते, चित्र म्हणून. वहिनीने कागद त्याच्याकडे परत सरकवला.

घरी दादाने डोक्याला हात लावला. माझा भाऊ सज्जन आहे, पण भित्रा. "पाण्यात राहून माशाशी वैर कशाला?" असं म्हणाला.

"मासा कोण ते आधी ठरवा," वहिनी म्हणाली. "पंचवीस वर्षं मी पाण्यात आहे. तो परवा आला."

"अगं पण बदली करतील तुझी."

"करू देत. व्हॉल्व्ह तर नाही ना बदलत जागा."

दादाने माझ्याकडे पाहिलं, मी समजावेन म्हणून. मी काय समजावणार? माझ्या मनात भीतीच होती. नकाशाच्या खोलीशिवाय तिची मला कल्पनाच करता येत नव्हती. आणि खरं सांगते, थोडा रागही होता. आम्ही सगळे माना खाली घालून सह्या करतो, हिलाच काय एवढं झालंय, असं वाटून गेलं. मग त्या सोमवारचं तिचं रडणं आठवलं आणि तो राग विरला.

साहेबांनी मध्यम मार्ग काढला. समितीसमोर दोन्हींची चाचणी घ्यायची. पत्ता समितीने सांगायचा, आणि तिथे नळ फुटलाय असं धरून व्हॉल्व्ह दोघांनी शोधायचा. कॉन्फरन्स रूममध्ये साहेब, समितीचे चार अधिकारी, टायवाला, वहिनी. चावीवाल्यांच्या बाजूने टेपमास्तर दाराशी उभा, आणि फोनवाल्यांच्या बाजूने मी. लेखाधिकाऱ्यांनी उत्साहाने स्वतःच्याच घराचा पत्ता दिला. नववा प्रभाग.

चाचणीपुरते खात्याचे जुने छापील नकाशे कंपनीने आपल्या सिस्टिममध्ये घातले होते. टायवाल्याने पत्ता टाकला. निळा ठिपका उडी मारून थांबला. बारा मीटरवर व्हॉल्व्ह. समितीने माना डोलावल्या.

वहिनीने पत्ता टाकला. उत्तर आलं: दोनशे मीटरच्या आत एकही व्हॉल्व्ह नाही. तिने अंतर वाढवलं. नाही. पाच किलोमीटर केलं. आता आले, पण सगळे शेजारच्या आठव्या प्रभागातले. नवव्याचा एकही नाही. खोलीत कुजबूज सुरू झाली. तिने संपूर्ण जगाचा नकाशा लावला आणि नववा प्रभाग सापडला. भर समुद्रात, जिथे नळ सोडा, माणूसही नाही, तिथे चारशेबारा ठिपके मजेत तरंगत होते.

समिती हसली. साहेब हसले. लेखाधिकारी म्हणाले, "म्हणजे मी होडीने घरी जाऊ?" टायवाला हसला नाही, फक्त खाली बघून टाय सारखा केला. त्याचंच मला जास्त लागलं. मला वाटलं, संपलं.

वहिनीचा चेहरा लाल झाला होता, पण हात स्थिर होता. "थांबा," ती म्हणाली. तिने नोंदींची फाइल तशीच पडद्यावर उघडली, उघड्या अक्षरांची. "शाळेत आपण अक्षांश आधी म्हणतो, रेखांश मागून. या पद्धतीचा नियम उलटा आहे, रेखांश आधी. मोजणीयंत्र शाळेच्या क्रमाने लिहितं. बाकी प्रभाग भरताना मी क्रम उलटवला. नववा गेल्या महिन्यात घाईत भरला आणि उलटवायला विसरले. चूक माझी आहे. ही इथे आहे, या दोन आकड्यांत." तिने एक ओळ लिहिली आणि चारशेबारा व्हॉल्व्ह घरी आले. मग कुणी न विचारता दुसरी ओळ लिहिली: शहराच्या हद्दीबाहेर पडणारे सगळे व्हॉल्व्ह दाखव. उत्तर शून्य. सगळं मिळून चार मिनिटं लागली. तिने पत्ता पुन्हा टाकला. व्हॉल्व्ह सत्तर मीटरवर, गल्लीच्या तोंडाशी.

"पण यांचा तर बारा मीटरवर आहे," साहेब म्हणाले. "जवळचा कोणता?"

दाराशी टेपमास्तर खाकरला. "साहेब, बारा मीटरवर व्हॉल्व्ह आहे. पण तो या घरांच्या नळाचा नाही. तो वरच्या टाकीवरून येणाऱ्या मोठ्या नळाचा. तो बंद केला तर अर्धं शहर कोरडं पडेल, आणि लेखाधिकारी साहेबांच्या दारातलं पाणी वाहतच राहील."

वहिनी टायवाल्याकडे वळली. "माझी चूक सगळ्यांनी पाहिली. हसलातही. आता तुमची उघडून दाखवा. तुमच्या सिस्टिमने तो व्हॉल्व्ह का निवडला?"

टायवाला म्हणाला की तो मुख्य कार्यालयाकडे तक्रार नोंदवेल, तिथले लोक तपासून कळवतील.

"किती दिवसांत?"

"साधारण पंधरा, मॅडम."

"तोपर्यंत फुटलेला नळ थांबेल का?"

तुम्हाला वाटेल, इथे ती जिंकली. मलाही वाटलं. पण ऑफिसात नुसत्या बोलण्यावर काही ठरत नाही. तिथे जिभेच्या वर कागद असतो. चार दिवसांनी समितीचा अहवाल आला: खात्याच्या सध्याच्या पद्धतीत गंभीर त्रुटी दिसून आल्या, चारशेबारा नोंदी समुद्रात आढळल्या, सबब कंपनीची सिस्टिम घ्यावी. बारा मीटरच्या व्हॉल्व्हचा उल्लेख नव्हता. दिसलेली चूक त्रुटी ठरली आणि झाकलेली चूक म्हणे सुबकपणा. साहेबांनी वहिनीला बोलावून सांगितलं, आठ दिवसांत सही करा.

त्या आठ दिवसांतल्या पहिल्या दिवशी ती पत्र्याच्या कपाटात डोकं घालून बसली. मला वाटलं रुसली. संध्याकाळी खाली आली ती एक पिवळी पडलेली पुस्तिका घेऊन, आणि चेहऱ्यावर असं हसू की मला दादाची काळजी वाटली. पुस्तिका होती जुन्या नियमांची, कापडावर नकाशे काढायच्या काळातली. तिने बोट ठेवून वाचलं: परवानाधारक प्लंबराने अर्ज केल्यास त्याच्या प्रभागातील नळांच्या नकाशाची प्रत, त्यास स्वतःच्या साधनांनी वाचता येईल अशी, सात दिवसांच्या आत देण्यात यावी.

"हा नियम अजून आहे?" मी विचारलं.

"रद्द केल्याचा कागद नाही. दर वर्षी दोनतीन म्हातारे प्लंबर अर्ज करतात, मी देते. स्वतःच्या साधनांनी वाचता येईल अशी, वाचलंस ना? कंपनीचा प्रोग्रॅम प्लंबराकडे नाही. मजकुराची फाइल त्याच्या मोबाइलवर उघडते."

"आणि कंपनीला सगळं एकट्याला हवंय."

"मग त्यांनी लवकर यायला हवं होतं," वहिनी म्हणाली.

बाकी टेपमास्तरने केलं. शहरातले सगळे प्लंबर त्याला ओळखतात, कारण रस्त्यातलं पाणी बंद करायला त्यालाच बोलवावं लागतं. तिसऱ्या दिवशी सकाळी नकाशाच्या खोलीबाहेर रांग लागली. पाने, हातोड्या, पिशव्या, मळलेले शर्ट, आणि प्रत्येकाच्या हातात अर्ज. एका बाईच्या कडेवर मूल होतं, ती स्वतः परवानाधारक. जिन्यावरून जाणारे साहेब लोक भिंतीला चिकटून गेले. वहिनी एकेकाचा परवाना तपासायची, रजिस्टरमध्ये लिहायची, सही घ्यायची आणि त्याच्या प्रभागाची फाइल द्यायची. फक्त रस्त्यातले नळ आणि व्हॉल्व्ह. टाक्या आणि पंपघरं तिने वगळली होती. नियमाबाहेर एक अक्षर नाही. पाचव्या दिवसापर्यंत चौदाही प्रभाग बाहेर गेले होते. काही प्रभागांच्या नऊनऊ प्रती.

सहाव्या दिवशी साहेब स्वतः तिसऱ्या मजल्यावर आले. मीही वर धावले, फोन तसाच सोडून. मला त्याबद्दल नंतर मेमो मिळाला आणि त्याचा मला काडीचाही पस्तावा नाही.

"कुणाच्या परवानगीने वाटताय?" साहेब ओरडले.

"नियमाच्या."

"तो चाळीस वर्षांपूर्वीचा नियम आहे!"

"नळ साठ वर्षांपूर्वीचे आहेत, साहेब. ते चालतात ना?"

"कंपनीला काय सांगू मी?"

"सांगा की नोंदी त्यांनाही मिळतील. अर्ज करा म्हणावं. बाहेर रांग आहे, तिच्यात उभं राहावं लागेल." मग ती उठून उभी राहिली आणि आवाज न चढवता म्हणाली, "मी सही करणार नाही. आज नाही, आठव्या दिवशी नाही, नवव्या दिवशीही नाही. एकदा माझी चार वर्षं एका डब्यात बंद झाली. हे शहर मी कुणाच्या डब्यात घालू देणार नाही."

माझ्या सज्जन, भित्र्या भावाच्या बायकोचा मला त्या क्षणी इतका अभिमान वाटला की मी तिथेच म्हणाले, "बरोबर आहे." साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मेमो बहुतेक त्यामुळेच मिळाला.

कंपनीने लेखी मागितलं की नोंदी दुसऱ्या कुणाकडेही नाहीत. असं लिहून देणं आता साहेबांच्या हातात नव्हतं. निम्मे प्लंबर त्या मोबाइलवर उघडून फिरत होते. टायवाला गोड बोलून निघून गेला, परत आला नाही. खात्यात पुढील आदेश होईपर्यंत सध्याचीच पद्धत चालू ठेवावी असा आदेश निघाला. त्याच दिवशी दुसराही निघाला: वहिनीची बदली मीटर विभागात, आणि तिथल्या एका कारकुनाची नकाशाच्या खोलीत. त्या बिचाऱ्याने जन्मात नकाशा उघडला नव्हता. वहिनीने त्याला तीन दिवस बसवून शिकवलं. एक पान लिहून भिंतीवर लावलं, आणि माझ्या फोनच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवरही सगळं घालून दिलं. मग आपला डबा उचलून पहिल्या मजल्यावर गेली. मीटर विभाग म्हणजे खिडकी नसलेली खोली आणि लोकांची न संपणारी बिलं. ती पहिल्याच दिवशी बिलं लावायला बसली. मीच दोन रात्री नीट झोपले नाही.

बदलीला पंधरा दिवस झाले असतील. सकाळी सव्वाअकराला फोन आला. इस्पितळाच्या मागच्या रस्त्यावर नळ फुटला होता आणि पाणी तळघरात शिरत होतं, जिथे यंत्रं आणि जनरेटर होते. फोनवरचा माणूस ओरडत होता. बावीस वर्षं असा फोन आला की मी एकच करायचे, तिला फोन लावायचे. आताही लावला, मीटर विभागात.

"वहिनी, इस्पितळाच्या मागे फुटलाय! कुठला व्हॉल्व्ह?"

"तुझ्यासमोर स्क्रीन आहे ना?"

"आहे, पण..."

"मग शोध." आणि तिने फोन ठेवला.

मी तिला काय काय म्हणाले ते इथे लिहिता येणार नाही. रागाने डोळ्यांत पाणी आलं. मग वरच्या कारकुनाला फोन लावला, आणि तो घाबरलेला आणि मी घाबरलेली, असे दोघांनी मिळून तिचं ते पान वाचत वाचत पत्ता टाकला. एकदा चुकलो. पुन्हा टाकला. दोन व्हॉल्व्ह आले, त्या नळाचे, एक औषधाच्या दुकानासमोर, एक कोपऱ्यावर, आणि कुठल्या बाजूला फिरवायचे तेही. टेपमास्तर सायकलीवर सुटला. पाणी थांबलं तेव्हा माझ्या घड्याळात अकरा पस्तीस झाले होते. तळघरातले जनरेटर कोरडे होते.

मी तडक पहिल्या मजल्यावर गेले. खिडकी नसलेल्या त्या खोलीत ती बिलांच्या गठ्ठ्यांमध्ये बसली होती. एक हात अजून फोनवर होता, दुसऱ्या हातात घड्याळ, आणि डोळे ओले. मी तोंड उघडायच्या आत तिने विचारलं, "थांबलं?"

"थांबलं. पण तुला लाज नाही वाटत? इस्पितळ होतं ते! माहीत नव्हतं तर तसं सांगायचंस!"

"औषधाच्या दुकानासमोर एक, कोपऱ्यावर एक," वहिनी म्हणाली. "दोन्ही डावीकडे फिरतात. तोंडाशी आलं होतं गं माझ्या. आणखी पाच मिनिटं बघणार होते, मग धावतच आले असते."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस?"

तिने फोनवरचा हात काढला आणि डोळे पुसले.

"सांगितलं असतं तर उद्याही मलाच विचारलं असतंस. मग त्या कंपनीच्या डब्यात आणि माझ्यात फरक काय राहिला?"